गिधाडांसाठी कायदा झाला, आमच्या किडनीचे काय?

"पाय सुजला होता, सुई घेतली, उतरला." जिंतूर तालुक्यातल्या कोणत्याही वस्तीत, तांड्यावर, वीटभट्टीवर किंवा एसटी स्टँडवर हे वाक्य कानावर पडते. बोरी असो, चारठाणा असो की येलदरी, वाक्य तेच. रात्री झोपताना माणूस ठीक असतो. पहाटे पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकायला लागतो. अंगावरच्या चादरीचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही. सकाळी कोणीतरी मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेतो, कमरेत एक किंवा दोन सुया टोचल्या जातात, संध्याकाळपर्यंत माणूस लंगडत का होईना चालू लागतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. सुईत काय होते हे त्याला कोणी सांगत नाही. तोही विचारत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

आमचा विरोध सुईला नाही. दुखणाऱ्या माणसाला लवकर आराम मिळाला पाहिजे, हा त्याचा हक्कच आहे. आमचा विरोध आहे तो नाव नसलेल्या, तपासणी नसलेल्या आणि कागद नसलेल्या सुईला. ही सुई वेदना दाबते आणि आजाराला मोकळे रान देते. आणि ही सुई सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. ज्याच्याकडे पैसा, वेळ आणि ओळख आहे, त्याची रक्ततपासणी होते, त्याला गोळी लिहून मिळते, पुन्हा दाखवायला बोलावले जाते. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याच्या वाट्याला फक्त सुई येते. हा भेद आपण आरोग्याचा प्रश्न म्हणून सोडून देणार की चळवळीचा प्रश्न म्हणून हातात घेणार, हे या लेखात विचारायचे आहे.

हा आजार राजांचा नाही

या दुखण्याचे नाव गाऊट. आयुर्वेदात त्याला वातरक्त म्हणतात, लोक साधे 'युरिक ॲसिड वाढलंय' म्हणतात आणि बहुतेक वेळा तर नुसते 'वात' म्हणून विषय संपवला जातो. शरीरातल्या पेशींची झीज होते, आपण अन्न खातो, त्यातून युरिक ॲसिड तयार होते. त्यातले साधारण दोन तृतीयांश किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. किडनीचे हे काम कमी पडले की रक्तातले प्रमाण वाढते. शंभर मिलीलिटर रक्तात सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर ते गेले की ते विरघळून राहू शकत नाही. मग त्याचे सुईसारखे टोकदार स्फटिक सांध्यात साठतात. एखाद्या रात्री शरीराच्या पांढऱ्या पेशी या स्फटिकांवर तुटून पडतात आणि सांधा पेटतो. हाच तो झटका.

युरोपात या आजाराला राजांचा आजार म्हणत, कारण तिथे तो मांस आणि मद्यात लोळणाऱ्या सरदारांना होई. आपल्याकडे ही म्हण पुस्तकांतून आली आणि तिने गरिबाचे नुकसान केले. उन्हात विटा वाहणाऱ्या माणसाला राजांचा आजार कसा होईल, असे समजून त्याच्या सुजलेल्या अंगठ्याला कधी मुका मार म्हटले जाते, कधी काटा मोडला म्हटले जाते, कधी लचक म्हटले जाते. वास्तव उलट आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. त्या उन्हात दिवसभर घाम गाळायचा, प्यायला पुरेसे पाणी नाही, शरीर कोरडे पडते, लघवी कमी होते, युरिक ॲसिड आतच राहते. त्यात कोणाला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर तीही युरिक ॲसिड वाढवते. कोणाची किडनी आधीच अधू झालेली असते आणि त्याला ते माहीत नसते. हा आजार आता महालातून उतरून वस्तीत आला आहे, पण त्याच्यावरचा उपचार मात्र अजून वस्तीपर्यंत आलेला नाही.

सुई काय करते आणि काय करत नाही

कमरेत टोचले जाते ते बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक असते. कधी त्याच्या जोडीला डेक्सामेथासोन नावाचे स्टेरॉइड असते. 'दोन सुया दिल्या, एकदम फरक पडला' असे जेव्हा लोक सांगतात, तेव्हा ही जोडी असण्याची शक्यता मोठी. दोन्ही औषधे सूज कमी करतात, वेदना कमी करतात. गाऊटच्या झटक्यात सूज उतरवणारे औषध लवकर देणे हा योग्यच उपचार आहे, हे कोणीही डॉक्टर मान्य करील.

पण मग सुईच का? डायक्लोफिनॅकची गोळी तोंडाने घेतली तरी तेच औषध रक्तात जाते. केटोरोलॅक हे याच जातीचे औषध सुईने देऊन आणि इंडोमेथासिन गोळीने देऊन अमेरिकेत १९९५ साली गाऊटच्या रुग्णांची तुलना झाली. आराम दोन्हींकडे सारखाच पडला. २००८ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात १२० रुग्णांचा अभ्यास मांडला. पाच दिवस प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे आणि पाच दिवस नॅप्रोक्सेनच्या गोळ्या घेणारे, दोघांचे दुखणे सारखेच कमी झाले. २०१० साली कोल्चिसिनचा अभ्यास आला. झटका सुरू होताच घेतलेली थोडी मात्रा जुन्या पद्धतीच्या भरमसाट मात्रेइतकीच उपयोगी पडते आणि जुलाबाचा त्रास खूप कमी होतो, हे त्यात दिसले. अमेरिकेतल्या सांधेविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात कोल्चिसिन, सूज उतरवणारी वेदनाशामके आणि स्टेरॉइड ही तिन्ही पहिल्या पसंतीची औषधे आहेत. रुग्णाला तोंडाने औषध घेता येत नसेल, तेव्हा स्टेरॉइडची सुई द्यावी असे त्यात म्हटले आहे.

याचा अर्थ सुईला जागा आहे. उलट्या होत असतील, वेदनाशामक घेण्यासारखी किडनी नसेल, एकच मोठा सांधा सुजला असेल आणि त्यात जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाली असेल, तर जाणकार डॉक्टर सांध्यात किंवा स्नायूत स्टेरॉइडची सुई देतो आणि ती योग्य ठरते. बाबासाहेबांना मधुमेह होता, त्यांना इन्सुलिन घ्यावे लागे, पायांच्या दुखण्याने त्यांना छळले होते. त्यांच्या घरात माईसाहेबांच्या रूपाने एक डॉक्टर होती. कोणते औषध, किती, कशासाठी, याचा हिशेब ठेवणारे माणूस जवळ होते. आमच्या वस्तीतल्या माणसाच्या सुईचा हिशेब कोण ठेवतो?

आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. गाऊटचा झटका औषध दिले नाही तरी साधारण एक ते दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या सुईला जे श्रेय मिळते, त्यातले थोडे त्या निसर्गाचेही असते. सुई झटका शमवते. सांध्यातले स्फटिक तिथेच राहतात, रक्तातले युरिक ॲसिड तेवढेच राहते. झटके वाढत जातात, अंगठ्यावरून घोट्यावर, घोट्यावरून गुडघ्यावर, हाताच्या बोटांवर येतात. पुढे गाठी होतात, सांधा वाकडा होतो. ज्या हातांवर घर चालते ते हातच निकामी होतात.

बुद्धाने आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण दूर केल्याशिवाय परिणाम दूर होत नाही. बाबासाहेबांनी याच बुद्धिवादासाठी धम्म स्वीकारला. ताईत बांधणाऱ्याला आपण हसतो. मग कारण न शोधता दर तीन महिन्यांनी तीच सुई टोचून घेणे आपल्या विवेकात कसे बसते?

गिधाडाच्या पोटात सापडलेला गाऊट

आता एक गोष्ट सांगतो. आपल्या चळवळीतल्या फार थोड्यांना ती माहीत आहे.

गावाबाहेर मेलेली जनावरे जिथे टाकत, त्याच अंगाला आमच्या बापजाद्यांच्या वस्त्या होत्या. ढोर ओढण्याचे काम जातीने त्यांच्यावर लादले होते. १९२७ च्या महाडपासून बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले आणि लोकांनी सोडले. त्या हाडकीवर तेव्हा गिधाडांचे थवे उतरत. आज पन्नाशीच्या पुढच्या माणसांना ते आठवतात, तरुणांनी ते पाहिलेच नाहीत. १९९२ ते २००७ या काळात भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारातले एक उरले.

कशाने? २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात त्याचे उत्तर आले. जनावरांना ताप आला, पाय सुजला की डायक्लोफिनॅकची सुई देत. ते जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की औषध त्यांच्या पोटात जाई आणि त्यांची किडनी बंद पडे. पक्षी शरीरातली घाण युरिक ॲसिडच्या रूपातच बाहेर टाकतात. किडनी बंद पडली की ते आतच साठते. मेलेली गिधाडे उघडून पाहिली तेव्हा त्यांच्या हृदयावर, यकृतावर, किडनीवर युरिक ॲसिडचा खडूसारखा पांढरा थर सापडला. वैद्यकीय भाषेत त्यालाही गाऊटच म्हणतात, पोटातला गाऊट. म्हणजे माणसाच्या गाऊटवर जी सुई दिली जाते, त्याच औषधाने गिधाडे गाऊट होऊन मेली.

माणसाचे शरीर गिधाडासारखे नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. निरोगी किडनीच्या माणसाला डायक्लोफिनॅकची एक सुई मारत नाही. उगाच भीती घालणे हा आमचा धंदा नाही. पण सरकारने पुढे काय केले ते पाहा. २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदीचा निर्णय झाला. तरी माणसांसाठी बनवलेल्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात राहिल्या. म्हणून १७ जुलै २०१५ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली की माणसांसाठीचे डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन फक्त ३ मिलीलिटरच्या, एका वेळच्या कुपीतच विकावे. औषध कंपन्या न्यायालयात गेल्या, २०१७ साली मद्रास उच्च न्यायालयाने सरकारचा निर्णय उचलून धरला. २०२३ साली जनावरांसाठीच्या केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली.

हे सगळे योग्यच झाले. गिधाडे वाचली पाहिजेत. पण त्या मोठ्या बाटलीचा आणखी एक धोका होता. एकाच बाटलीत पुन्हा पुन्हा सुई बुडवून दहा माणसांना टोचायचे, एकाची कावीळ दुसऱ्याला द्यायची. त्या धोक्यासाठी ही अधिसूचना निघाली नाही. गिधाडांच्या किडनीसाठी शास्त्रज्ञ, मंत्रालय आणि न्यायालय असे तिघेही एका बाजूला उभे राहिले. तेच औषध दर महिन्याला कमरेत घेणाऱ्या मजुराच्या किडनीचे काय झाले, हे विचारायला मात्र यातले कोणी वस्तीत आले नाही. याच २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदाही लागू झाला. बैलासाठी कायदा, गिधाडासाठी कायदा. माणसाच्या शरीरात काय टोचले जाते यासाठीही कायदा आहेच. डायक्लोफिनॅक आणि डेक्सामेथासोन ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधे आहेत. तो कायदा फक्त कागदावर का राहतो?

"तुम्ही लोक खाताच तसे"

गाऊटचे नाव निघाले की आणखी एक वाक्य येते. "मटण बंद करा, डाळ बंद करा. तुम्ही लोक खाताच तसे." या 'तुम्ही लोक' मध्ये काय दडले आहे, हे आपल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. आजाराचे कारण रुग्णाच्या जातीच्या ताटात शोधायचे आणि उपचाराची जबाबदारी झटकून टाकायची, ही जुनीच रीत आहे.

खरे काय ते पाहू. दारू, त्यातही बिअर, गाऊट वाढवते. कलेजीसारखे अवयव, तांबडे मांस आणि काही मासे फार खाल्ले तर धोका वाढतो. साखरेची थंड पेयेही वाढवतात. हे खरे आहे आणि झटके येणाऱ्याने ते पाळावे. दारूचे तर आम्ही वेगळे काय सांगावे? ती सोडण्याची प्रतिज्ञा आपण १९५६ सालीच घेतली आहे. पण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात डाळी, पालक अशा शाकाहारी पदार्थांनी गाऊटचा धोका वाढलेला दिसला नाही. दूध-दही घेणाऱ्यांमध्ये तर तो कमी दिसला. २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या अभ्यासाने दाखवले की माणसामाणसातल्या युरिक ॲसिडच्या फरकामागे अन्नाचा वाटा अगदी किरकोळ आहे, अनुवंशाचा त्याच्या कित्येक पट मोठा. म्हणजे गाऊट हा मुख्यतः किडनीचा आणि अनुवंशाचा प्रश्न आहे. ज्याच्या ताटात प्रथिनांचा घास आधीच कमी आहे, त्याची डाळसुद्धा बंद करायची आणि युरिक ॲसिड कमी करणारी गोळी मात्र लिहून द्यायची नाही, याला उपचार म्हणत नाहीत. याला अवहेलना म्हणतात.

फुल्यांच्या नावाने डायलिसिस मिळते, गोळी मिळत नाही

डायक्लोफिनॅक किडनीला नेमके काय करते? शरीरात पाणी कमी असते तेव्हा किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात. डायक्लोफिनॅक त्यांचीच निर्मिती थांबवते. उन्हातून आलेल्या, पाणी न प्यायलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला ही सुई दिली की किडनीचा रक्तपुरवठा आवळला जातो. एकदा-दोनदा किडनी सावरते. वारंवार झाले की सावरत नाही. आणि किडनी अधू झाली की युरिक ॲसिड आणखी वाढते, गाऊट आणखी वाढतो, पुन्हा सुई. हे चक्र आहे. जोडीला पोटात व्रण, रक्तस्राव, हृदयावरचा भार. स्टेरॉइड वारंवार घेतले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, दबलेला क्षयरोग डोके वर काढतो.

या चक्राच्या शेवटी डायलिसिस असते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून घ्यायचे. ज्याची मजुरी बुडू नये म्हणून सुई दिली, त्याची आणि त्याच्या सोबत जाणाऱ्याची मजुरी आता कायमची बुडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे डायलिसिस बसते. पण त्या योजनेत बाह्यरुग्ण उपचार बसत नाहीत. दवाखान्यात येऊन रक्त तपासून रोज घ्यायची साधी गोळी घरी नेण्याचा खर्च ती योजना देत नाही. किडनी निकामी झाल्यावर योजना दारात येते, किडनी वाचवायची वेळ असताना येत नाही. ज्या जोतिबांनी अविद्येपासून अनर्थाची साखळी मांडून मूळ कारणावर बोट ठेवले, त्यांच्याच नावाच्या योजनेत मूळ कारणासाठी तरतूद नाही.

ती गोळी महागही नाही. ॲलोप्युरिनॉल हे युरिक ॲसिड कमी करणारे औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. सुरुवात कमी मात्रेने करतात, बहुधा १०० मिलिग्रॅम, किडनी अधू असेल तर त्याहून कमी. मग रक्त तपासत मात्रा हळूहळू वाढवतात, युरिक ॲसिड ६ च्या खाली येईपर्यंत. पहिले काही महिने झटका येऊ नये म्हणून सोबत थोडे कोल्चिसिन किंवा दुसरे औषध देतात. अंगावर पुरळ आले तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरकडे जायचे, ही एक दक्षता कडक पाळायची. एवढे केले तर वर्ष-दोन वर्षांत स्फटिक विरघळतात आणि झटके थांबतात. गाऊट हा पूर्ण ताब्यात येणाऱ्या मोजक्या सांधेदुखींपैकी एक आहे. तरी आमची माणसे वर्षानुवर्षे लंगडत राहतात.

"सुई नाही दिली तर लोक येत नाहीत"

आता डॉक्टरांची बाजू. ते म्हणतात, लोकच सुई मागतात, गोळी दिली तर पैसे वाया गेले म्हणतात. हे खोटे नाही. पण लोकांना ही सवय लावली कोणी? सुईचे पैसे वेगळे मिळतात, समजावून सांगण्याचे मिळत नाहीत. रोजंदारीच्या माणसाला उद्या सकाळी उभे राहायचे असते, त्याला पगारी रजा नाही. त्याची ती घाई त्याच्या अडाणीपणातून आलेली नाही, ती त्याच्या पोटातून आली आहे. व्यवस्थेने त्याला आजारी पडण्याची सवड दिली नाही आणि त्याच सवडीचा बाजार मांडला गेला.

दुसरा आक्षेप असा, की सरकारी डॉक्टर जागेवर नसतील तर गावातला तो 'डॉक्टर'च देवासारखा धावून येतो. देव मानायची आपली सवय मोडली आहे, ती या बाबतीतही मोडावी. नोंदणी नसताना वैद्यकी करणे महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यामागे कारण आहे. दोन दशकांपूर्वीच्या देशव्यापी पाहणीत असे आढळले की भारतात वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यातली जवळपास ६३ टक्के असुरक्षित असतात. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा भागात पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांमधून कावीळ पसरून डझनांनी माणसे मेली. २०१८ साली उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात एकाच सुईने अनेकांना टोचल्याने एचआयव्ही पसरल्याचे प्रकरण उघड झाले. चुकीच्या जागी टोचलेल्या सुईने पाय लुळा पडतो, गळू होते. आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे लाल, सुजलेल्या सांध्यात कधी कधी गाऊट नसतोच, पू असतो. त्यावर स्टेरॉइड टोचले तर सांधा जातो, प्रसंगी जीव जातो. सांधा सुजला आहे आणि थंडी वाजून ताप आहे, असे असेल तर एक मिनिट न घालवता मोठ्या रुग्णालयात जायचे.

कागद मागा

परभणी जिल्ह्याला कागदाची किंमत नव्याने सांगायची गरज नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी या आपल्या तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. सत्तेकडून वेगळे सांगितले जात असताना शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याबद्दल बोलत होता. डॉक्टरने लिहिलेला तो कागद नसता तर लढाई कशाच्या आधारावर उभी राहिली असती? मेलेल्या माणसासाठी जो कागद आपण छातीशी धरला, तोच जिवंत माणसासाठी का मागत नाही?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. जिंतूर असो की आणखी कुठला तालुका, प्रत्येक वस्तीतल्या दोन-चार शिकलेल्या मुला-मुलींनी हे काम अंगावर घ्यावे.

सुई घ्यायच्या आधी औषधाचे नाव विचारा आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्या. कुपी आणि सिरिंज आपल्या डोळ्यांसमोर फोडायला सांगा. डॉक्टर विचारो न विचारो, आपण तीन गोष्टी सांगा: किडनीचा, पोटातल्या व्रणाचा, हृदयाचा त्रास आहे का, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, या वर्षात अशा किती सुया झाल्या. वर्षात दोन झटके आले असतील तर युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. झटक्याच्या दिवशी युरिक ॲसिड कधी कधी खोटे कमी येते, म्हणून झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. चिठ्ठ्या आणि अहवाल एका पिशवीत जपा, जसे जातीचे प्रमाणपत्र जपता तसे.

वैयक्तिक शहाणपण पुरेसे नाही, मागणी सामूहिक असली पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मोफत उपचारात ॲलोप्युरिनॉल आणि कोल्चिसिन येते की नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात त्याचा साठा गेल्या वर्षभरात किती दिवस होता, किती दिवस शून्य होता, हे माहिती अधिकारात विचारा. जिंतूरहून परभणी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे आणि जिंतूरला रेल्वे नाही. जिल्ह्याला वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. त्याच्या डॉक्टरांचा सांधेदुखीचा आणि किडनीचा बाह्यरुग्ण विभाग महिन्यातून एकदा तरी तालुक्याला यावा, ही मागणी ग्रामसभेत ठराव करून पाठवा. फुले योजनेत गाऊट, मधुमेह, रक्तदाब यांच्या रोजच्या गोळ्या आणि तपासण्या घ्या, ही मागणी आमदारांपुढे ठेवा. संविधानाचे कलम ४७ लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानते. ते कलम फलकावर लिहायचे की रुग्णालयाच्या औषधखिडकीवर उभे राहून मागायचे, हे आपल्या हातात आहे.

येत्या १४ एप्रिलला वस्तीत आरोग्य शिबिर घेणार असाल तर बीपी मोजून आणि फोटो काढून थांबू नका. ज्यांना वर्षात दोनदा 'वाताची सुई' लागली त्यांची यादी करा, त्यांचे रक्त तपासून घ्या, ज्यांचे क्रिएटिनिन वाढलेले निघेल त्यांना त्याच आठवड्यात सोबत घेऊन परभणीला जा. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात वस्तीतल्या कित्येक माणसांचे रक्त तपासून होईल.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातली शिकण्याची पहिली पायरी आपल्या शरीरापासून सुरू होते. आपल्या कमरेत काय टोचले गेले हे ज्याला माहीत नाही, त्याच्या नावावर उद्या कोणीही काहीही टोचेल. गिधाडांना बोलता येत नव्हते, तरी त्यांच्यासाठी बोलणारे उभे राहिले. आपल्याला तर बोलता येते.

जय भीम! जय संविधान!